मोफत वकिलाचा हक्क: पेडणे आणि डिचोली

पैशांअभावी कोणीही न्यायाला मुकू नये, हे तत्त्व १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ म्हणून राज्यघटनेत आले, तरी त्याला देशव्यापी यंत्रणा मिळाली ती १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने, जो ९ नोव्हेंबर १९९५ रोजी अमलात आला. या कायद्याच्या बाराव्या कलमानुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता सरकारी खर्चाने वकील मिळतो.

गोव्याच्या पेडणे तालुक्यातील तुये येथील व डिचोली येथील औद्योगिक वसाहतींत किंवा मोपा परिसरातील बांधकामांवर राबणारा परप्रांतीय मजूर ठेकेदाराने मजुरी थकवली की हतबल होतो, कारण त्याच्याकडे बहुधा नेमणूकपत्र नसते आणि कज्जा संपेपर्यंत गोव्यात थांबणे त्याला परवडत नाही. अशा वेळी कायद्याचे प्राथमिक प्रशिक्षण घेतलेला विधी स्वयंसेवक अर्ज लिहून देतो आणि योग्य कार्यालयाची वाट दाखवतो. हे काम न्यायालयातील युक्तिवादाइतकेच मोलाचे मानले पाहिजे.

दुर्बलता केवळ परक्यांच्याच वाट्याला येते असेही नाही. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, संमतीने त्याच्या जागेत घर करून राहणाऱ्या मुंडकाराला १९७५ च्या गोवा मुंडकार कायद्याने हकालपट्टीपासून संरक्षण आणि घर विकत घेण्याचा हक्क दिला, परंतु तो मिळवण्यासाठी मामलेदारापुढे कागदपत्रे मांडावी लागतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या तोंडी व्यवहारावर राहिलेल्या कुटुंबाची अडचण नेमकी तिथेच होते. अशा प्रत्येकासाठी विधी सेवेचा १५१०० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे.