मोटारीचा मागचा कोपरा का बसतो?

जुनी अँबॅसिडर मागून पाहिली, तर पुष्कळदा तिचा एक कोपरा खाली बसलेला दिसतो. मिस्त्री सांगतो, कमान बसली आहे, नवी टाका. नवी कमान पडते, पैसे जातात, आणि गाडी मात्र कललेलीच राहते. उत्तरपाड्याच्या कारखान्यात १९५७ पासून तयार होणारी ही गाडी २०१४ साली बंद झाली. तिचे सुटे भाग आता शोधावे लागतात. म्हणून खर्चाआधी निदान हवे.

प्रथम रचना ध्यानात घेऊ. मागची दोन्ही चाके एकाच अखंड आसाला जोडलेली असतात. प्रत्येक बाजूस पोलादी पाटे एकावर एक रचून केलेली कमान असते. तिचे मधले अंग यू-बोल्टने आसाशी आवळलेले, पुढचे टोक गाडीच्या सांगाड्याला बोल्टने जोडलेले, आणि मागचे टोक शॅकलवर झुलते. कारण दबलेली कमान लांब होते व त्या लांबीला जागा लागते. पुढची चाके मात्र स्वतंत्र आहेत आणि त्यांचा भार लांब पोलादी दांड्याच्या पिळावर तोलला जातो. शॉक अ‍ॅब्झॉर्बर हेलकावे आवरतात, भार पेलत नाहीत. ते बदलून बसलेला कोपरा उठत नाही.

आता मोजमाप. गाडी रिकामी करून सपाट जागी उभी करावी, चाकांत हवा सारखी भरावी, आणि ती थोडी मागेपुढे ढकलून स्थिरावू द्यावी. मग चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे उभे अंतर दोन्ही बाजूंस घ्यावे. समजा, डावीकडे ४० सेंटिमीटर भरले आणि उजवीकडे ३७. एवढ्यावर निकाल देऊ नये. अपघातानंतर ठोकून सरळ केलेले मडगार्ड फसवते. म्हणून आसापासून वरच्या सांगाड्यापर्यंतचे अंतरही मोजावे. ते दोन्हीकडे सारखे निघाले, तर दोष पत्र्याचा आहे, कमानीचा नव्हे.

अंतरात फरक असेल, तर दोष मागे की पुढे, हे ठरवावे. टेबलाचा एक पाय आखूड असला तर सारे टेबल कलते, तसेच येथे होते. पुढच्या उजव्या दांड्याचा पीळ सैल झाला, तर मागची उजवी बाजूही थोडी बसते आणि मागची डावी उचलते. याची परीक्षा सोपी आहे. मागच्या चाकांना अटकाव लावून, पुढच्या भक्कम आडव्या भागाच्या बरोबर मधोमध जॅक लावावा व पुढची चाके जमिनीपासून जेमतेम सुटतील इतके उचलावे. आता पुढची बाजू एकाच बिंदूवर आहे. तिला गाडी कलवता येत नाही. मागचा कल नाहीसा झाला, तर दोष पुढे. कायम राहिला, तर मागे. जॅकवरच्या गाडीखाली मात्र कोणी शिरू नये.

दोष मागे ठरल्यावर तुटलेला पाटा, गंजून अडकलेला शॅकल व झिजलेले बुश पाहावेत. काही न सापडल्यास दोन्ही कमानींची अदलाबदल करावी. बसलेला कोपराही बाजू बदलेल, तर कमानच दोषी. चालक नेहमी उजवीकडे बसत असल्याने उजवी कमान अधिक थकणे स्वाभाविक आहे. अशा वेळी जोडी एकत्रच बदलावी. रबरी बुशचे बोल्ट गाडीचा भार चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळावेत. नाहीतर रबर पिळलेले राहून उंची खोटी दिसते आणि बुश लवकर फाटते.

अदलाबदलीनंतरही तीच बाजू खाली राहिली, तर कमान ज्या पत्र्याला जोडली आहे तो तपासावा. तेथे गंजाने पत्रा खचला असेल, तर प्रश्न शोभेचा उरत नाही. धावत्या गाडीत तो जोड सुटला तर आस तिरका होतो आणि गाडी ताब्यात राहत नाही. अशी गाडी डागडुजी होईपर्यंत रस्त्यावर आणू नये. नव्या कमानीने हे दुखणे झाकले जाईल, बरे होणार नाही.