क्रिएटिनिन तेच, किडनीचे आकडे दोन

नेवाळकर सुभेदारांच्या काळापासून झाशीत मराठी घरं आहेत. आता आई-वडील झाशीत आणि मुलं पुण्या-बंगळुरात, असं चित्र सर्रास दिसतं. लॅबचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येतो, मुलगा आकडे ऑनलाइन कॅल्क्युलेटरमध्ये भरतो आणि फोनवरूनच गोळी कमी-जास्त करायला सांगतो. यामागे काळजीच असते, पण काही समजुती चुकीच्या असतात.

गैरसमज : रिपोर्ट एकच, तर उत्तरही सगळीकडे एकच येणार.

78 वर्षांच्या, 40 किलो वजनाच्या आजी घ्या. क्रिएटिनिन 1.0, म्हणजे बहुतेक लॅबच्या लेखी ठीक. सीकेडी-ईपीआयचं 2021चं सूत्र त्यांच्या किडनीचं काम साधारण 58 दाखवतं, तर 1976चं कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट 29. गणित दोन्हीकडे बरोबर आहे. पहिलं सूत्र वजन विचारतच नाही, ते 1.73 चौरस मीटर अंगाचा माणूस धरून चालतं. दुसरं प्रत्यक्ष वजन धरतं. क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंत. अंगावर मांस नसलं की ते मुळातच कमी बनतं, आणि किडनी थकलेली असूनही रिपोर्ट चांगला दिसतो. अनेक औषधांचे डोस दुसऱ्या सूत्रावरून ठरले आहेत, म्हणून कृश म्हाताऱ्या माणसांना औषध देताना डॉक्टर ते बघतात. पण तेही ब्रह्मवाक्य नव्हे. ते कॅनडातल्या 249 रुग्णांवरून बांधलं गेलं, आणि त्यांत बायका जेमतेम होत्या.

दोन्ही सूत्रं क्रिएटिनिन स्थिर आहे असं धरतात. झाशीत मे-जूनमध्ये पारा 45च्या पुढे जातो. उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी गेलं, तर क्रिएटिनिन रोज चढत असतं आणि सूत्र किडनीची अवस्था आहे त्यापेक्षा बरी दाखवतं. अशा वेळी आकडेमोडीत वेळ घालवू नये. लघवी कमी झाली असेल तर सरळ दवाखाना गाठावा.

एककही तपासा. आपल्याकडे क्रिएटिनिन मिलिग्रॅममध्ये येतं, परदेशी संकेतस्थळं पुष्कळदा मायक्रोमोल मागतात. आपला 1.0 तिथे 88.4 होतो.

गैरसमज : बीएमआय 25च्या आत, म्हणजे वजनाची चिंता नाही.

165 सेंटिमीटर उंची आणि 66 किलो वजन असलेल्या माणसाचा बीएमआय 24 येतो. पाश्चात्त्य कोष्टकात तो निर्धोक ठरतो. भारतीयांसाठी 2009 साली ठरलेल्या निकषांत मात्र 23पासून वजन जास्त आणि 25पासून लठ्ठपणा धरतात, कारण आपल्याकडे चरबी पोटावर लवकर साठते. पोटाला टेप लावून पाहा. पुरुषांत 90 आणि बायकांत 80 सेंटिमीटरच्या वर घेर गेला, तर डॉक्टरांना सांगा.

गैरसमज : धोक्याचा स्कोअर कमी, म्हणजे आजार नाही.

चेन्नईत 2005 साली तयार झालेला मधुमेहाचा भारतीय स्कोअर मला आवडतो. वय, पोटाचा घेर, हालचाल आणि आई-वडिलांचा मधुमेह, एवढंच तो विचारतो. 60 किंवा जास्त आले तर साखर तपासायची. आधी कोणाची तपासणी करावी हे तो सुचवतो, निदान करत नाही. 40 गुण आले पण तहान वाढली, वजन घटलं, तरी रक्त तपासायलाच हवं.

डॉक्टरांकडे जाताना कागदावर लिहून न्या : आजचं वजन, कुठलं सूत्र वापरलं त्याचं नाव, मागच्या वेळचं क्रिएटिनिन आणि सगळी औषधं. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्याही त्यात लिहा.