अरुंद अक्षर, लांब नाव

'शिरूर–न्हावरा–केडगाव चौफुला–दौंड' एवढं सगळं एका पाटीवर बसवायचं तर रुंद अक्षर चालत नाही. रेघांच्या टोकांना छोटे पाय असलेला जुन्या वळणाचा अरुंद सेरिफ टाइप अशाच गरजेतून वाढला. 19व्या शतकातल्या जाहिरातपत्रकांना कमी रुंदीत मोठा मथळा हवा होता. न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्सने 1828च्या सुमारास लाकडी टाइप यंत्राने कोरायला घेतले आणि मोठे ठसे स्वस्त झाले.

देवनागरीत मात्र जुनेपण येतं ते सेरिफच्या पायांतून नव्हे, बोरूच्या जाड-बारीक फटकाऱ्यातून. अक्षर अरुंद करताना कसोटी लागते 'ण', 'ष', 'क्ष' यांच्या पोटातल्या पांढऱ्या जागेची. ती बुजली की शब्द वाचवत नाही. वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, त्यामुळे उंचीलाही मर्यादा. संगणकावर साधा फॉन्ट नुसता आडवा दाबला तर उभे दंड बारीक होतात, शिरोरेषा मात्र तेवढीच जाड राहते. फ्लेक्सवर हे सर्रास दिसतं आणि डोळ्यांना खुपतं. अरुंद अक्षर मुळातून वेगळं रेखाटायलाच हवं.

मथळे, लग्नपत्रिका, जत्रेची पत्रकं, दुकानांच्या पाट्या यांना अरुंद अक्षर शोभतं. सलग वाचनाला मोकळं अक्षरच हवं.

खिळ्यांच्या, म्हणजे सुट्या टाइपच्या, छपाईचा मोठा वारसा सुरुवातीच्या पाटीवरच्या दौंडच्या तालुक्यातच आहे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी छापखाना चालवला. मूळ हिब्रू-ग्रीकवरून त्यांनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथल्या मुली-बायकांनी खिळे जुळवून छापलं. ते 1924 साली, रमाबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी, प्रसिद्ध झालं.