फॉक्सप्रो बंद झाले, आपल्या ऊस नोंदीचे काय?



"साहेब, कारखान्याचा कॉम्प्युटर बदलणार म्हणता, मग आमच्या लागणीच्या तारखा कुठं जातील?" असे सेनगाव गटातील काही सभासदांनी आम्हांस विचारले. प्रश्न रास्त आहे.

आपली लागण नोंद, तोडणी कार्यक्रम, वजन व ऊसबिल हे सारे काम फॉक्सप्रो नावाच्या संगणक भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमवर चालते. भाषा मूळ अमेरिकेतील फॉक्स सॉफ्टवेअर कंपनीची. १९९२ साली मायक्रोसॉफ्टने ती कंपनीच विकत घेतली. त्या काळात आपल्याकडची पोरे कॉम्प्युटर क्लासात हीच भाषा शिकली आणि सोसायट्या, पतसंस्था, कारखाने यांचे हिशेब त्यांनी तीत बसवले. साध्या यंत्रावर चालायची, हजारो खात्यांतून एक खाते चटकन काढून द्यायची. पुढे मार्च २००७ मध्ये कंपनीने जाहीर केले, की नवी आवृत्ती निघणार नाही. डिसेंबर २००४ ची नववी आवृत्ती शेवटचीच ठरली. स्पॅनिश बोलणाऱ्या प्रोग्रॅमरांनी तर सह्यांची मोहीम काढली, पण निर्णय फिरला नाही. १३ जानेवारी २०१५ ला कंपनीची दुरुस्तीची जबाबदारीही संपली.

बंद म्हणजे लगेच चालेनासे झाले असे नव्हे. एखाद्या वाणाचे पायाभूत बेणे मिळणे थांबले, तरी फडातला ऊस वाळत नाही. खोडव्यावर खोडवा घेता येतो. पण ताजे बेणे नाही, आणि रोग आला तर विचारायचे कोणाला? तसेच इथे आहे. जुने डॉसवरचे फॉक्सप्रो आजच्या ६४ बिटच्या विंडोजवर सरळ चालत नाही. म्हणून जुने यंत्र पुसूनपासून जपावे लागते.

खरी अडचण माणसाची आहे. या भाषेत खान्याला दहा अक्षरांपेक्षा मोठे नाव देता येत नसे. त्यामुळे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने नावे तोडून-मोडून घातली. कोणत्या खान्यात वाहतूक आणि कोणत्यात सोसायटीची वजावट, हे त्याच्याच डोक्यात. तो आता पन्नाशी ओलांडून गेला, आणि नवी पोरे ही भाषा शिकत नाहीत. जन्मभर बैलाच्या नांगरावर राबलेल्या गड्याला ट्रॅक्टरवर बसवावे, तशी त्याची गत झाली आहे. नांगरट त्याला कळते, गिअर कळत नाही. पण त्याला बाजूला सारून नवे बसवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. नव्या प्रोग्रॅमरला यंत्र कळेल, पण आडसाली आणि खोडव्याचा हिशेब वेगळा का, हे कोण सांगणार?

आपल्या भागाला हा अनुभव नवा नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, सरकारी दप्तर उर्दूत चाले. मोडीतलेही कागद होते. वाचणारे गेले, कागद राहिले. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मराठवाड्यात उर्दू आणि मोडीचे जाणकार शोधत फिरावे लागले.

आता तुमच्या फायद्या-तोट्याचे. तोडणीचा क्रम लागणीच्या तारखेवर लागतो. माहिती नव्या प्रोग्रॅममध्ये नेताना तारखेतला दिवस आणि महिना उलटे झाले, तर ५ जुलैची लागण ७ मेची होते. एकाचा ऊस आधी तुटतो, दुसऱ्याचा फडात उभा राहून वजनाला मार खातो. नावांचेही तसेच. जुनी मराठी नावे त्या वेळच्या फॉन्टच्या सांकेतिक अक्षरांत साठवलेली आहेत. युनिकोडमध्ये नेताना जोडाक्षरे फुटतात, म्हस्केचे भलतेच काही होते, आणि बँक खात्याशी नाव जुळले नाही की बिल अडकते.

म्हणून जुना व नवा प्रोग्रॅम एक पूर्ण हंगाम सोबत चालवावा, दोन्हींची बिले ताडून पाहावीत, असे आम्ही सुचवले आहे. काम दुप्पट होईल, स्टाफ कुरकुर करील, करू द्या. सभासदांनी लागण नोंदीची पावती, मागील हंगामाच्या वजन पावत्या आणि बँक पासबुक घेऊन सेनगावच्या गट कार्यालयात यावे. नाव, गट नंबर, क्षेत्र, वाण व लागण तारीख स्वतः वाचून पाहावी. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातवाला सोबत आणावे. पावती हरवली असल्यास शेतकी मदतनीसाकडून फडावर पुन्हा मोजणी करून घेता येईल. पण ती तोडणी सुरू होण्यापूर्वीच.