पहाटेचा एक अलार्म आणि डोळ्यांसमोरचं एक चित्र : ल्युसिड ड्रीमची पद्धत सोप्या भाषेत



‘आज रात्रीच ल्युसिड ड्रीम बघा’ असं सांगणाऱ्या रील्स हल्ली खूप फिरतात. कुणी रात्रभर संगीत लावून झोपायला सांगतो, कुणी ॲपचं सबस्क्रिप्शन विकतो, कुणी तर गोळ्यांची लिंक देतो. खरं तर यासाठी फोनमधला साधा अलार्म पुरतो, आणि दुसरी गोष्ट म्हणजे पुन्हा झोपताना डोळ्यांसमोर आणायचं एक चित्र. ही पद्धत काय आहे, ती पहाटेच का चालते, फोन कसा सेट करायचा आणि कुणी हे करू नये, ते आज बघूया.

ल्युसिड ड्रीम म्हणजे काय?

स्वप्न चालू असतानाच ‘अरे, हे तर स्वप्न आहे’ असं कळणं म्हणजे ल्युसिड ड्रीम. एवढं कळलं की बास. मनासारखं उडता आलं, हवं ते करता आलं तर तो बोनस. बऱ्याच वेळा फक्त कळतं आणि काही सेकंदांत जाग येते.

‘ल्युसिड ड्रीम’ हा शब्द रूढ केला डच मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक व्हान एडन यांनी, १९१३ साली. पण हे खरंच घडतं याचा पुरावा मिळायला १९७५ उजाडलं. स्वप्नात शरीर हलत नाही, पण डोळे हलतात. इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी याचाच उपयोग केला. ॲलन वर्स्ली नावाच्या माणसाने झोपेतून, ठरल्याप्रमाणे डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवून ‘मी स्वप्नात आहे आणि मला ते कळतंय’ असा सिग्नल दिला आणि तो मशीनवर नोंदला गेला. २०२१ मध्ये तर चार देशांतल्या शास्त्रज्ञांनी स्वप्नात असलेल्या माणसांना प्रश्न विचारून उत्तरं मिळवली. ‘आठ वजा सहा किती?’ असं विचारल्यावर झोपलेल्या एका तरुणाने डोळे दोनदा फिरवले!

पहाटेच का?

आपली झोप साधारण ९०-९० मिनिटांच्या फेऱ्यांत चालते. प्रत्येक फेरीच्या शेवटी रेम झोप येते, आणि ठसठशीत स्वप्नं जास्त करून तेव्हाच पडतात. रात्रीच्या सुरुवातीला हा टप्पा काही मिनिटांचा असतो, पहाटेकडे तो लांबत जातो. म्हणून रात्री दहाला झोपताना कितीही ठरवलं तरी उपयोग कमी. पाच तास झोपून थोडा वेळ जागं व्हायचं आणि परत झोपायचं, म्हणजे ठरवलेली गोष्ट डोक्यात ताजी असतानाच मोठं स्वप्न सुरू होतं.

आमच्या पोंभुर्ण्याकडे मधेच उठून परत झोपणं नवीन नाही. धानात रानडुकरं शिरतात म्हणून लोक जागलीला जातात, शेतातल्या मोटारीला रात्रीची लाइन असली की उठावं लागतं. अशा उठण्यानंतरच्या झोपेत स्वप्नं जास्त पडतात, हे इथे कुणालाही विचारा.

चित्र आणायचं म्हणजे नेमकं काय?

स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीफन लाबर्ज यांनी स्वतःवर प्रयोग करत ही पद्धत बसवली. तिचं नाव माइल्ड. पाया अगदी साधा आहे. ‘चंद्रपूरला गेलो की आईची औषधं आणायची’ असं आपण मनाशी ठरवतो आणि मेडिकल दिसलं की आठवतं. पुढे करायची गोष्ट योग्य वेळी आठवणं, हीच ती शक्ती. इथे फक्त मेडिकलच्या जागी स्वप्नातली एखादी खूण असते.

पायऱ्या अशा :

१. अलार्म वाजला की लगेच हलू नका. आत्ता कोणतं स्वप्न चालू होतं ते आठवा. नाहीच आठवलं तर अलीकडचं कोणतंही स्वप्न घ्या.

२. त्यात विचित्र काय होतं ते शोधा. दहावीची परीक्षा परत द्यावी लागणं, जुनं घर, बंद पडलेला फोन, काहीही. ही तुमची खूण.

३. परत आडवे व्हा, डोळे मिटा आणि तेच स्वप्न पुन्हा बघा. पण या वेळी ती खूण दिसताच तुम्ही थांबता आणि म्हणता, ‘हे स्वप्न आहे.’ त्यानंतर काय करणार तेही बघा.

४. सोबत मनात एक वाक्य म्हणा : ‘पुढचं स्वप्न पडेल तेव्हा ते स्वप्न आहे हे मला आठवेल.’ चित्र आणि वाक्य आळीपाळीने, झोप लागेपर्यंत.

हे चित्र सिनेमासारखं स्पष्ट दिसलंच पाहिजे असं काही नाही. झाडीपट्टीच्या नाटकाची तालीम आठवा. पडदा नसतो, लाइट नसतात, पण कुठल्या वाक्यावर कुठे वळायचं हे नटाच्या अंगात भिनत जातं. आपल्यालाही वळण्याची तेवढी एकच जागा पक्की करायची आहे.

माझी खूण होती वाघ. आमच्या भागात वाघाची बातमी रोजचीच, त्यामुळे माझ्या स्वप्नातही तो नाल्याच्या काठावर उभा असायचा आणि माझे पाय उचलत नसत. मी तेच चित्र घेतलं : नाला, वाघ, आणि मी म्हणतोय ‘हे स्वप्न आहे’. तीन आठवड्यांत, फक्त शनिवारी आणि रविवारी प्रयत्न करून, दोनदा जमलं. दुसऱ्या वेळी वाघ तिथेच होता, पण मी पळालो नाही. दोन्ही हात एकमेकांवर घासले (यामुळे स्वप्न टिकायला मदत होते असं लाबर्ज सांगतात) आणि नाल्यातलं पाणी बघत उभा राहिलो. दहा-बारा सेकंद असतील. मग जाग आली.

फोन कसा सेट करायचा?

- झोपण्याच्या वेळेत पाच तास मिळवा आणि तो अलार्म लावा. दहाला झोपत असाल तर तीन. ‘रोज’ निवडू नका, एकाच दिवसाचा ठेवा.
- अलार्मच्या लेबलमध्ये लिहा : ‘स्वप्न आठव’. टोन हळू ठेवा, घरचे उठायला नकोत.
- डू नॉट डिस्टर्ब चालू करा, पण त्यात अलार्मला परवानगी आहे ना, ते तपासा.
- अँड्रॉइड १२ किंवा पुढचं असेल तर ‘एक्स्ट्रा डिम’ बहुतेक फोनमध्ये मिळतं, ते चालू ठेवा.
- स्वप्न टाइप करू नका. व्हॉइस रेकॉर्डरमध्ये दोन वाक्यं बोला आणि फोन खाली ठेवा. व्हॉट्सॲप उघडलंत की संपलं.
- फोन उशीखाली ठेवायचा नाही, चार्जिंगला लावलेला तर मुळीच नाही.

दिवसा एक सवय लावा. स्क्रीनवरची वेळ वाचा, नजर वळवा, परत वाचा. स्वप्नात अक्षरं आणि आकडे बऱ्याचदा बदलतात. नाक चिमटीत धरून श्वास घेऊन बघणं ही दुसरी चाचणी; स्वप्नात श्वास चालूच राहतो. पण गच्चीवरून उडी मारून किंवा गाडीसमोर उभं राहून ‘स्वप्न आहे का’ हे कधीही तपासायचं नाही.

किती वेळा जमतं?

ऑस्ट्रेलियात ॲडलेड विद्यापीठाच्या डेनहोम ॲस्पी यांनी २०१७ मध्ये १६९ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसाची चाचणी, पाच तासांनी उठणं आणि माइल्ड हे तिन्ही करणाऱ्या गटात यशाचं प्रमाण १७ टक्के आलं, म्हणजे साधारण सहा प्रयत्नांत एक. पण चित्र आणि वाक्य झाल्यावर पाच मिनिटांच्या आत ज्यांना झोप लागली, त्यांच्यात ते ४६ टक्क्यांच्या आसपास गेलं. म्हणून उठल्यावर फोनवर वेळ घालवणं सगळ्यात महागात पडतं.

कुणी करू नये?

झोप मोडणं फुकट नसतं. मोहफुलं वेचायला किंवा तेंदूपानाला पहाटे जंगलात जायचं असेल तर आदल्या रात्री हा प्रयोग नको. तिथे डोळे आणि कान पूर्ण जागे लागतात. सकाळी लांब बाइक चालवायची असेल, परीक्षा असेल किंवा रात्रभर नाटक बघून आला असाल तरीही नको. आठवड्यातून एक-दोनदा, तेही सकाळी उशिरा उठता येत असेल तेव्हाच.

कधी जाग येते पण अंग हलत नाही, छातीवर वजन वाटतं, खोलीत कुणीतरी आहे असं वाटतं. गावात याला ‘भूत बसलं’ म्हणतात. रेम झोपेत शरीर सैल पडलेलं असतं आणि मेंदू आधी जागा होतो, म्हणून हे होतं. हळूहळू श्वास घ्या, थोड्याच वेळात सुटतं.

भास होणं, बायपोलर किंवा झोपेच्या आजारावर उपचार चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. ऑनलाइन मिळणाऱ्या गॅलँटामिनच्या गोळ्या तर नकोच. ते अल्झायमरचं औषध आहे.

आणि तुमचा खरा त्रास भीतीदायक स्वप्नांचा असेल, तर रात्री उठायची गरजच नाही. दिवसा ते स्वप्न कागदावर लिहा, शेवट तुम्हाला हवा तसा बदला आणि बदललेलं स्वप्न रोज दहा-वीस मिनिटं डोळ्यांसमोर आणा. या पद्धतीवरचा अमेरिकेतला मोठा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. अत्याचार सोसलेल्या १६८ महिला त्यात होत्या आणि ही पद्धत शिकलेल्यांची दुःस्वप्नं कमी झाली. डोळ्यांदेखत हल्ला किंवा अपघात झाला असेल, झोपायचीच भीती वाटत असेल, तर एकट्याने करत बसू नका. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. हा नंबर आत्ताच सेव्ह करून ठेवा, घरात कुणालाही लागू शकतो.