आमच्या ट्रकाला कोणती मोटर?

डिचोली तालुक्यात वाढलेल्या मुलाला ट्रक म्हणजे काय, हे समजावून द्यावे लागत नाही. खाणीवरून लोहखनिज भरून मांडवीच्या धक्क्याकडे जाणाऱ्या ट्रकांच्या रांगा वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात आजही येतात. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुढे चालू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या आणि २०२४ मध्ये डिचोलीत खाणकाम परत सुरू झाले. या चढउतारांत कित्येक संसार ट्रकाच्या चाकांबरोबरच थांबले आणि चालले. म्हणून विज्ञान प्रदर्शनासाठी रेडिओ-नियंत्रित गाडी करण्याचे ठरले, तेव्हा ती खनिज वाहणारा ट्रकच असावी, याविषयी आमच्यात दुमत नव्हते. दुमत झाले ते मोटरीवरून.

बाजारात दोन जातींच्या मोटरी मिळतात : ब्रशची आणि ब्रशविरहित. पहिली स्वस्त, दुसरी महाग. आमची वर्गणी एकाच मोटरीपुरती होती. "महाग ती चांगली," असे म्हणून आम्ही दुसरी आणली. ही घाई आम्हांस कशी नडली, हे सांगण्यापूर्वी दोहोंची रचना पाहू.

विद्युत्प्रवाह वाहणारी तार चुंबकीय क्षेत्रात ठेवली की तिच्यावर बल कार्य करते, हे आपण पाठ्यपुस्तकात शिकतो. परंतु तारेचे वेटोळे अर्धा फेरा फिरताच बलाची दिशा उलटू लागते. ते त्याच दिशेने फिरत राहावे, यासाठी नेमक्या क्षणी प्रवाहाची दिशा बदलावी लागते. हे काम कोण करतो, एवढ्यावरच दोन्ही जातींतील भेद अवलंबून आहे.

ब्रशच्या मोटरीत चुंबके कवचाला चिकटवलेली असतात आणि तारेची वेटोळी मध्ये फिरतात. आसावर कम्युटेटर, म्हणजे तांब्याचे दुभंगलेले कडे, असते. त्यावर कार्बनचे दोन तुकडे सतत घासत राहतात, तेच ब्रश. कडे फिरले की प्रवाहाची दिशा आपोआप बदलते. घरचा मिक्सर खोबरे वाटताना आत ठिणग्या दिसतात व किंचित जळका वास येतो, तो या घर्षणाचाच. कार्बन झिजले की मिक्सर दुरुस्तीला न्यावा लागतो, हे घरोघरी ठाऊक आहे.

ब्रशविरहित मोटरीत हीच मांडणी उलटी असते. वेटोळी स्थिर राहतात व चुंबके फिरतात. घासणारे काहीच नसते. तीन तारांतून क्रमाक्रमाने प्रवाह सोडण्याचे काम निराळा इलेक्ट्रॉनिक वेगनियंत्रक करतो. अशा मोटरीची कल्पना १९६२ मध्ये विल्सन व ट्रिकी या अभियंत्यांनी मांडली. पुढे १९८० नंतरच्या दशकात निओडिमियमची प्रबळ चुंबके निघाली आणि लहान आकाराच्या जोरकस मोटरी शक्य झाल्या.

लाभ किती, ते हिशेबाने पाहू. ७.४ व्होल्टच्या बॅटरीतून १० अँपिअर प्रवाह घेतला, तर ७४ वॅट शक्ती खर्च होते. ब्रशच्या मोटरीची कार्यक्षमता शेकडा ६५ धरली, तर सुमारे ४८ वॅट कामी येतात आणि २६ वॅटची उष्णता होते. ब्रशविरहित मोटरीची शेकडा ८५ धरली, तर ६३ वॅट कामी येतात, उष्णता केवळ ११ वॅट. शिवाय तिची वेटोळी बाहेरच्या बाजूस असल्याने ती लवकर निवतात.

इतके गुण असूनही आमचा ट्रक फजीत झाला. चढावासाठी कललेली फळी ठेवली, हौद्यात जांभ्या दगडाचे खडे भरले आणि कळ दाबली. ट्रक अडखळला, थरथरला, मागे घसरला आणि खडे जमिनीवर सांडले. प्रदर्शनाला आठवडाच उरला होता.

कारण शोधता उलगडा झाला. आमच्या मोटरीत संवेदक नव्हता. अशा मोटरीचा नियंत्रक प्रवाह नसलेल्या तारेत निर्माण होणाऱ्या विद्युत्दाबावरून चुंबकाची जागा ओळखतो. मोटर स्थिर असता हा दाब शून्य असतो व अगदी हळू फिरताना नगण्य. म्हणजे भार घेऊन निघण्याच्या ऐन क्षणी नियंत्रक आंधळा असतो! पेडणे स्थानकावरून जाणारे डब्ल्यू.ए.पी.-७ जातीचे विद्युत् इंजिनही ब्रशविरहित मोटरींवरच चालते. त्यांची जात वेगळी, प्रवर्तन मोटरीची आहे. पण त्यांना वेग सांगणारे संवेदक असतात, म्हणून अवजड गाडी ते सावकाश हलवू शकते. तात्पर्य, दोष जातीचा नव्हता, आमच्या निवडीचा होता.

संवेदक असलेली मोटर घेण्यास पैसे नव्हते. एका माजी विद्यार्थ्याने आपल्या मोडक्या गाडीतील ५५ वेढ्यांची ब्रशची मोटर व तिचा नियंत्रक दिला. वेढे जास्त असले की वेग कमी, पण तेवढ्याच प्रवाहात जोर अधिक. दंतचक्रांनी वेग आणखी उतरवला आणि ट्रक खडे घेऊन मुंगीच्या चालीने, पण न थांबता, फळी चढून गेला.

महाग मोटरही वाया गेली नाही. आमच्यातील पेडण्याकडच्या मित्रांनी ती हलक्या गाडीला बसवून हरमलच्या ओल्या, घट्ट वाळूवर पळवली. तेथे वेग हवा, भार नाही. तिचे गुण तेथे खुलले. मात्र खारे पाणी बेअरिंगांना गंज चढवते, म्हणून घरी येताच गोड्या पाण्याने धुऊन, सुकवून तेल द्यावे. तसेच मोरजीच्या किनाऱ्यावर सागरी कासवे अंडी घालण्यास येतात. तेथे गाडी मुळीच नेऊ नये. इकडे डिचोलीतील लोहमिश्रित तांबड्या धुळीपासून ब्रशच्या मोटरीलाही जपावे लागते. ती आत शिरली की कडे व कार्बन दोन्ही लवकर झिजतात.

विद्यार्थिमित्रांनो, मोटर घेण्यापूर्वी तीनच प्रश्न विचारा : भार किती? वेग किती? किती वेळ चालवायची? भार ओढत हळू चालायचे व खर्च बेताचा असेल, तर ब्रशची मोटर घ्यावी. वेगाने, पुष्कळ वेळ धावायचे असेल, तर ब्रशविरहित. दोन्ही हवे असेल, तर संवेदकासाठी पैसे साठवावेत. आम्ही हे प्रश्न मोटर आणल्यानंतर विचारले. तुम्ही आधी विचारा, म्हणजे तुमचे खडे सांडणार नाहीत.