बी.एस्सी. झाल्यावर पुढे काय? सांख्यिकी आणि ॲक्च्युअरी : दोन रस्ते

गठ्ठ्यातले चार तागे उलगडून जो व्यापारी साऱ्या मालाचा अंदाज बांधतो, तो सांख्यिकीचेच काम करतो. मात्र आपला अंदाज किती चुकू शकतो, हे त्याला सांगता येत नाही. सांख्यिकी शिकलेल्याला ते सांगता येते. उर्दू शाळेत शिकलेले आपले बांधव या विषयाला शुमारियात म्हणतात. हजार कारखान्यांपैकी वर्षात किती ठिकाणी आग लागू शकते आणि त्यावरून विम्याचा हप्ता किती ठेवावा, हा हिशेब मांडणारा तो ॲक्च्युअरी.

आपल्या घरांतील मुले-मुली गणित किंवा सांख्यिकी घेऊन बी.एस्सी. होतात. पुढचा रस्ता माहीत नसतो, म्हणून मुलगा दुकानात बसतो आणि मुलगी शिकवण्या घेते. दुकानात बसण्यात कमीपणा नाही. पण माहितीअभावी बसणे हा घाटा आहे.

पहिला रस्ता पदव्युत्तर पदवीचा. कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये स्थापन केली. १९५९ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. तेथील एम.स्टॅट. अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. आयआयटीत एम.एस्सी. करायची तर 'जॅम' परीक्षेतील मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचा पेपर द्यावा. तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण. अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात आणि परीक्षा फेब्रुवारीत असते. पदवीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थीही बसू शकतात, म्हणून निकालाची वाट पाहत थांबू नये. पुणे, मुंबई आणि अलीगढ मुस्लिम विद्यापीठातही सांख्यिकीत एम.एस्सी. करता येते, त्यांच्या जाहिराती वेगवेगळ्या निघतात.

दुसरा रस्ता ॲक्च्युअरीचा. येथे पुष्कळांची गफलत होते. केवळ एम.एस्सी.ची पदवी घेऊन कोणी ॲक्च्युअरी होत नाही. त्यासाठी इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडियाच्या परीक्षा एकेक करून द्याव्या लागतात. या संस्थेला २००६ च्या कायद्याचा आधार आहे. तिची प्रवेश परीक्षा 'एसेट' बारावी पास विद्यार्थीही देऊ शकतो. पुढचे पेपर नोकरी करता करता देता येतात. काम लांबचे आहे, वर्षे लागतात आणि प्रत्येक पेपरची फी वेगळी भरावी लागते. तो खर्च आधीच हिशेबात धरावा.

विमा जायज की नाजायज, असा सवाल काही बांधव करतील. तो मसला उलेमांचा. मात्र तकाफुलमध्येही कोणी किती रक्कम जमा करावी, हा हिशेब करायला ॲक्च्युअरीच लागतो. आणि सांख्यिकी शिकलेल्याला विम्याखेरीज सरकारी पाहणी, औषध कंपन्या, बँका अशीही दारे उघडी आहेत.

आता कागदपत्रांविषयी. केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांत ओबीसींसाठी २७ टक्के जागा राखीव असतात आणि आपल्या कित्येक कारागीर बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. माझ्या ओळखीच्या एका विणकराच्या मुलीचे गुण राखीव जागेपुरते होते. पण तिच्याजवळचा दाखला राज्याच्या नमुन्यातला होता. संस्थेला केंद्राच्या नमुन्यातला नॉन-क्रीमी लेअर दाखला हवा होता. नवा दाखला हाती येईपर्यंत मुदत संपली आणि जागा गेली. बाप आजही म्हणतो, "मुलीने आपले काम केले, मी माझे केले नाही." तेव्हा आपली जात केंद्राच्या यादीत आहे का, हे आधी पाहावे. दाखला केंद्राच्या नमुन्यात आणि नव्या तारखेचा घ्यावा. शाळेचा दाखला, गुणपत्रिका आणि आधार कार्डावर नावाचे स्पेलिंग एकच आहे ना, हेही तपासावे.

उर्दू माध्यमाची मुले इंग्रजी पेपरला घाबरतात. परंतु औसत म्हणजे मीन आणि एहतमाल म्हणजे प्रोबॅबिलिटी. शब्द बदलतो, गणित तेच राहते. दोन-तीनशे शब्द वहीत उतरवून घ्यावेत आणि जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवाव्यात.

तिसरे वर्ष सुरू होताच घरात बसून तारखांचा एक कागद तयार करा आणि तो भिंतीवर लावा. उधारीच्या तारखा आपण विसरत नाही, मुलांच्या अर्जाच्या तारखाही विसरू नयेत.